पाठांतर

पावसाळा नीट लागला, की दर वर्षी मी वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवायला घेते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म जलालपूरचा, म्हणजे अगदी नाशिकच्या वेशीवरचा. त्यामुळे आमच्या मुलांना ही बाई आपल्याच आळीतली कोणी फटकळ आजी वाटते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्याचे कळते ते प्रकरण आले, की एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेही पुस्तकात पाहू लागतात. यंदा ते प्रकरण संपले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बाई इतक्या रडल्या, आणि पाच वर्षांनी स्वतःच झाल्या. तुम्ही तर जन्मापासूनच ना? तुम्हाला कधी उलटं वाटलं नाही?”

तेवढ्यात घंटा झाली. वीस वर्षांच्या नोकरीत घंटेचे इतके आभार मी कधी मानले नव्हते. पण उत्तर राहिले ते राहिलेच. ते आज इथे देते. ती मुलगी दिवाळी अंक वाचत असेल अशी आशा नाही. तिची आई वाचत असेल.

एरवी या सदरात मी शब्दांच्या खोड्या सांगत असते. आजही एका शब्दाचीच गोष्ट आहे. ‘पाठांतर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सर्वांना ठाऊक आहे, घोकंपट्टीचा. दुसरा जुन्या पोथ्यांच्या व्यवहारातला: पाठांतर म्हणजे वेगळा पाठ, एका प्रतीत एक शब्द तर दुसरीत दुसरा. माझे बालपण पहिल्या अर्थात गेले, आणि माझी श्रद्धा दुसऱ्या अर्थाने गेली.

आमचे घर शरणपूरकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी नाशिकबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आता तिथे शोरूम आणि दवाखाने यांची इतकी दाटी झाली आहे, की शरण कोणी कोणाला जावे ते कळत नाही. माझे वडील शाळेत गणित शिकवीत आणि रविवारी देवळात शास्त्रवाचन करीत. (आमच्यातली जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात.) रोज संध्याकाळी साडेसातला घरात उपासना असे. एक अध्याय, एक गीत, एक प्रार्थना. पाहुणे आले तरी चुकत नसे. उलट पाहुण्यांनाही एक वचन वाचावे लागे, आणि मग बरेच पाहुणे आठनंतर येऊ लागले.

वाचायचे पुस्तक मात्र साधे नव्हते. त्याला आमच्या घराण्याचा इतिहास चिकटलेला होता. माझी पणजी छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १९०० सालच्या सुमारास, गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आली. वय सहा की सात. नेमके तिलाही ठाऊक नव्हते. तिथे ती लिहायला शिकली आणि पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल मराठीत आणले, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि ते केडगावच्याच छापखान्यात तिथल्या मुलींच्या हातून छापून घेतले. शेवटची मुद्रिते तपासून होतात न होतात तोच, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. त्या ग्रंथातली काही पाने माझ्या पणजीच्या बोटांनी जुळवलेली होती. कोणती, ते ती सांगू शकत नसे, म्हणून आजी सगळ्याच पुस्तकाला हात लावून सांगे, “हे आपल्या आईनं केलंय.”

पणजीची एक गोष्ट आजीकडून ऐकलेली आहे. एकदा तिने एक अक्षर उलटे बसवले. ते मुद्रितात सापडले तेव्हा तिला वाटले, देवाचा शब्द आपण उलटा केला, आता आपण नरकात जाणार. ती दोन दिवस जेवली नाही. मग छापखान्यातल्या एका मोठ्या मुलीने तिला समजावले, “अगं, चुका सापडाव्यात म्हणून तर मुद्रित काढतात.” आजी ही गोष्ट पणजीच्या भोळेपणाची म्हणून सांगे आणि हसे. मीही हसत असे. आता ती आठवते तेव्हा मला त्या मोठ्या मुलीचा शहाणपणा दिसतो.

मी नऊ-दहा वर्षांची असताना संडे स्कूलच्या पाठांतर-स्पर्धेत तेविसावे स्तोत्र म्हणायचे होते. मला ते आजीने शिकवले होते, अर्थातच रमाबाईंच्या भाषांतरातले. मी खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता म्हटले. बक्षीस कंपासपेटीचे होते आणि ते दुसऱ्या मुलीला मिळाले. परीक्षक म्हणाले, “बाळ, छान म्हटलंस, पण शब्द चुकले.” देवळात चालणारी प्रत दुसऱ्या भाषांतराची होती. मी रडत घरी आले आणि आजीला विचारले, “मग देव नक्की काय बोलला?” आजी म्हणाली, “दोन्ही देवच बोलला.” बाबा म्हणाले, “देव मराठी बोललाच नाही.” गणिताच्या माणसाचे उत्तर! त्यांना वाटले शंका मिटली. माझ्या मनात मात्र ती तेव्हापासून खाली गाळासारखी बसून राहिली.

लहानपणच्या इतर शंका त्या मानाने साध्या होत्या, सगळ्याच ख्रिस्ती मुलांना येतात तशा. टकल्या म्हणून चिडवले एवढ्यावरून अलीशा संदेष्ट्याने मुलांना शाप दिला आणि दोन अस्वलांनी बेचाळीस जणांना फाडले, ही गोष्ट आम्हाला सांगणारे शिक्षक स्वतः पूर्ण टकले होते. त्या रविवारी वर्ग किती शांत होता! नोहाच्या जलप्रलयाची शंका मात्र खास नाशिकची. आमच्याकडे पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून शहर घाबरते किंवा निवांत झोपते. मी बाबांना विचारले होते, “नोहाच्या वेळी पाणी मारुतीच्या वर किती होतं?” बाबांनी खरोखर कागद घेतला. सर्वांत उंच पर्वत बुडाले असे लिहिले आहे, तर एवढे पाणी आले कोठून आणि गेले कोठे, हा हिशेब मांडता मांडता त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “झोप आता.”

पुढे मला कळले, की हाच हिशेब एका बिशपलाही सुटला नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचा बिशप कोलेन्सो हाही गणिताचाच माणूस. त्याची अंकगणिताची पुस्तके शाळांतून चालत. तो झुलू भाषेत बायबल उतरवीत होता. त्याच्या झुलू मदतनिसाने विचारले, हे सगळे प्राणी खरोखरच एका तारवात मावले का? कोलेन्सोला त्या साध्या माणसाच्या तोंडावर खोटे बोलवेना. त्याने १८६२ साली मोशेच्या पुस्तकांतले आकडे तपासून ग्रंथ छापायला सुरुवात केली, आणि वरिष्ठांनी त्याला पदावरून काढल्याचे जाहीर केले. शंका विचारणारा झुलू आणि खोटे न बोलवणारा बिशप हे दोघेही मला फार जवळचे वाटतात. बाबांच्या खिशातला तो घडी केलेला कागदही त्यांच्याच जातकुळीचा होता.

तरीही आकड्यांनी माझी श्रद्धा गेली नाही. सूर्य थांबला की नाही, देवमासा होता की मोठा मासा, यावर श्रद्धा सोडणारी माणसे असतात. मी त्यातली नव्हे. गोष्ट गोष्टीसारखी वाचायला मला येत होते. माझे घर पोखरले ते पुण्याला, एम. ए.च्या वर्गात, ज्ञानेश्वरीने.

आमच्या सरांनी पाठचिकित्सा शिकवली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढल्या तीनशे वर्षांत नकला होत होत इतके पाठ बिघडले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. त्यांनी शेवटी बजावून ठेवले, की यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. मग राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत, ती एकनाथांच्या आधीची असा त्यांचा दावा, त्यावरचे वाद. प्रक्षिप्त ओवी कशी ओळखायची, अवघड पाठ जुना का मानायचा, नक्कलकार कोठे डुलकी घेतो, कोठे भक्तीच्या भरात भर घालतो. मला हा विषय इतका आवडला, की जेवताना वाढणाऱ्या बाईच्या बोलण्यातलेही पाठभेद मी टिपू लागले.

एका रात्री सरांचे टिपण पुन्हा वाचताना नरोटीपाशी अडखळले. हे आपण दुसरीकडेही वाचले आहे! उशाशी बायबल होते. शेवटचे पान काढले. प्रकटीकरणाच्या अखेरीस तोच इशारा: जो यात भर घालील त्याच्यावर पीडा येतील, जो यातून काढील त्याचा वाटा काढून घेतला जाईल. लहानपणी या वचनाने माझा थरकाप होई. त्या रात्री प्रथमच वाटले, असा इशारा कोण देतो? ज्याला भर घालणारे लोक ठाऊक आहेत तो. एकनाथांना ठाऊक होते. मग यालाही ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयात मी ज्ञानेश्वरीच्या नावाखाली बायबलची पुस्तके मागू लागले. तिथे कळले ते धर्मपंडितांना शतकभराहून अधिक काळ ठाऊक होते, फक्त साडेसातच्या उपासनेत कोणी सांगितले नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रती चौथ्या शतकातल्या. त्यांत ते पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबते. कबर रिकामी पाहून बाया पळत सुटतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. संपले. पुढची बारा वचने, पुनरुत्थित प्रभूचे दर्शन, विश्वासणारे साप उचलतील आणि विष त्यांना बाधणार नाही हे सारे, नंतर जोडलेले. (आमच्या परसात एकदा साप निघाला तेव्हा बाबा हे वचन मुखोद्गत असूनही काठी घेऊनच धावले होते. काठीचा पाठ निदान सर्व प्रतींत सारखा असतो.)

त्याचे दुःख झाले नाही. चोर पकडल्यासारखा आनंदच झाला. दुःख झाले ते योहानाच्या आठव्या अध्यायाचे. व्यभिचारात धरलेली ती स्त्री, हातात धोंडे घेतलेले लोक, खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहिणारा येशू, आणि मग एकेक करून, म्हातारे आधी, निघून गेलेले ते सगळे. बायबलमधली कोणती एक गोष्ट ठेवायची असे मला कोणी विचारले असते तर मी हीच ठेवली असती. हीही जुन्या प्रतींत नाही. कोणा नक्कलकाराने पुढे केव्हातरी आत घेतलेली. आता आपल्या मराठी प्रतीतही ती कंसात असते. ज्या गोष्टीसाठी मी ख्रिस्ती होते, तिलाच कंस! वसतिगृहाच्या गच्चीवर बसून मी रडले, लक्ष्मीबाईंसारखीच, फक्त उलट दिशेने.

हा झाला शब्दांचा भाग. दुसरा भाग जास्त कठीण आहे, आणि तो शरणपूरचाच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शरणपूरच्या आश्रमात शिकली. त्यातला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, तिथे प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या मुलाने. समुद्रापर्यंत महिनोन् महिने देह वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ च्या एप्रिलात वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीलाही होता. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना आमच्या छात्या फुगत. पुण्याहून सुट्टीत आले असताना मी निर्गम पुन्हा नीट वाचले, आणि एकविसाव्या अध्यायात थांबले. धन्याने दासाला काठीने मारले आणि तो एक-दोन दिवस जगला, तर धन्याला शिक्षा नाही. कारण दास हा त्याचेच धन आहे. हे वचन मी लहानपणी वाचले नव्हते असे नाही. उपासनेत क्रमाने सगळेच वाचले जाई. पण आवाज वाचतो आणि कान पुढे जातात. त्या दिवशी मला वाटले, जेकबने हे वाचले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल? ज्यांनी गुलामांची जहाजे अडवली त्यांच्या हातात बायबल होते, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या पाळकांच्या हातातही तेच. नक्कलकाराची चूक म्हणून हे वचन सोडता येत नव्हते. इथे पाठभेद नव्हता.

मग मी रमाबाईंकडे वळले, पणजीच्या बाईंकडे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहून ठेवले आहे, की कलकत्त्यात असताना स्त्रीधर्मावर बोलण्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या, आणि ही शास्त्रे एकमेकांशी भांडत असली तरी बायका आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र त्यांचे एकमत आहे असे त्यांच्या ध्यानात आले. तिथे त्यांची जुनी श्रद्धा ढळली. पुढे इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्य, चर्चचा अधिकार यांवरून त्यांनी सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून असा वाद घातला, की वाचताना त्या सिस्टरची दया यावी. आणि हीच बाई आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू अक्षरांवर डोळे शिणवीत बसली, त्या पुस्तकावर पूर्ण विश्वास ठेवून. मला हे कोडे सुटलेले नाही. मी एवढेच म्हणू शकते, की ज्या नजरेने त्यांनी स्मृती वाचल्या, त्या नजरेने मी त्यांचे भाषांतर वाचले. नजर त्यांचीच होती. त्या मला रागावल्या असत्या, हेही मला ठाऊक आहे.

मी कोणाला काही सांगितले नाही. नाशकात नोकरी लागली, लग्न झाले, नाताळच्या करंज्या केल्या, रविवारी देवळात गेले, गीते म्हटली. गीते मला अजूनही आवडतात. टिळकांची गीते म्हणायला श्रद्धा लागत नाही, गळा लागतो. पण आई गेली त्या दिवशी दफनभूमीत सगळे जण पुनरुत्थानाच्या वचनांवर ‘आमेन’ म्हणत होते आणि मला तोंड उघडता येईना. माझ्या आईची पुन्हा भेट होईल असे म्हणण्यासारखे काही माझ्यापाशी उरले नव्हते. श्रद्धा गेली की माणूस मोकळा होतो असे सांगणाऱ्यांना मला तो दिवस दाखवावासा वाटतो. मोकळे झाले होते खरे. पण कुलूप लावून गावाला गेलेल्या घरासारखे मोकळे.

गेल्या तीन वर्षांत बाबांची दृष्टी काचबिंदूने गेली. तेव्हापासून साडेसातचे वाचन माझ्याकडे आले. रोज एक अध्याय, क्रमाने. मी वाचते, ते ऐकतात, मग प्रार्थना ते करतात. यंदा आषाढ लागायच्या सुमारास एकशे सदतिसावे स्तोत्र आले. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे बंदिवान, झाडांना टांगलेल्या वीणा. फार सुंदर काव्य आहे. त्याच्या अगदी शेवटच्या वचनात शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. शेजारच्या खोलीत माझा मुलगा अभ्यास करीत होता. मी शेवटचे वचन गाळले आणि पुस्तक मिटले.

बाबा थोडा वेळ थांबले. मग अंधाराकडे तोंड करून त्यांनी ते वचन स्वतः म्हटले, सावकाश, एकही शब्द न चुकवता. आणि म्हणाले, “गाळलंस.”

“हो.”

“का?”

मग मी सगळे सांगितले. एकनाथांपासून निर्गमापर्यंत, आईच्या दफनाचेही. बोलता बोलता माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, तो मलाच नकोसा वाटला. बाबांनी मधे एकदाही टोकले नाही.

“तू पुण्याहून पहिल्या सुट्टीत आलीस,” ते म्हणाले, “तेव्हापासून तुझा आमेन माझ्यामागून येतो. आधी बरोबर यायचा. मी मोजलं होतं.”

पंचवीस वर्षे त्यांना ठाऊक होते! मला वाटत होते मी त्यांना सांभाळून घेते आहे.

“मग आता वाचू नको का?”

“वाच. न वाचून कसं चालेल? मला दिसतं का?” मग जरा कडक आवाजात, गणिताच्या मास्तरांच्या: “पण गाळू नकोस. तू तुझ्या पोरांना शिकवतेस ना, नावडती ओवी म्हणून कोणी काढू नये? गाळलंस की ते पुस्तक तुझं झालं. मला माझं ऐकायचंय. वाईट आहे ते वाईट म्हणून ऐकीन. तुझं म्हणणं नंतर सांगत जा, तळटीप म्हणून.”

मी विचारले, “तुम्ही काय करता हो या वचनाचं?”

“मी त्या वचनावर प्रार्थना करीत नाही,” बाबा म्हणाले. यापुढे त्यांनी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

तेव्हापासून आमचे हे असे चालले आहे. आधी अध्याय, मग प्रार्थना, मग चहा आणि तळटिपा. नीतिसूत्रांना फारशा लागल्या नाहीत. उपदेशकाच्या पुस्तकावर आमचे जवळजवळ एकमत झाले. गीतरत्नाचे आठ अध्याय बापलेकींनी फार भरभर वाचले आणि तळटिपा दोघांनाही नको होत्या.

हे लिहिते आहे तेव्हा गणपती बसले आहेत. काल समोरच्या मंडळाची आरती ऐन साडेसातला सुरू झाली, म्हणून आम्ही खिडकी लावून घेतली. यशयाचा सातवा अध्याय होता. चौदाव्या वचनाशी मी थबकले. मराठीत तिथे ‘कुमारी’ आहे. हिब्रूत नुसती तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात ती कुमारी झाली, तिथून मत्तयाने घेतली, आणि १९५२ साली एका नव्या इंग्रजी भाषांतराने पुन्हा ‘तरुण स्त्री’ लिहिले तेव्हा अमेरिकेतल्या एका पाळकाने ते पानच जाळले. हे सगळे माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले.

“काय झालं?” बाबांनी विचारले.

“काही नाही. तळटीप आहे.”

“मोठी आहे?”

“बरीच.”

“मग साखर जरा जास्त घाल चहात,” बाबा म्हणाले. “आधी पुढचं वाच.”